लाल गोट

छपरावरच्या सोलर चादरीला चारी बाजूंनी लाल कापडाचा गोट लावलेला पाहून ऋजुता शिडीवरच थबकली.

“कडेला नुसतंच प्लास्टिक होतं बगा, दोन बोटं. वाऱ्यानं रातभर फडफडायचं,” खाली शिडी धरून उभ्या चांगुणाबाई म्हणाल्या. “ते कातरलं आन् मशिनवर टीप मारली. कसं दिसतंय?”

“छान,” ऋजुताच्या तोंडून निघून गेलं.

ते दोन बोटं प्लास्टिक म्हणजेच चादरीचं आयुष्य होतं. आतला जांभळा थर उन्हावर वीज करायचा, पण हवा आणि ओल शिरली की मरायचा. प्रयोगशाळेत ऊन, पाऊस, धूळ सगळं तपासून ऋजुताने त्याला दहा वर्षं दिली होती. कात्री तिला सुचलीच नव्हती. चादरी बसवताना कडेबद्दल ती अवाक्षरही बोलली नव्हती. आता जांभळा रंग गोटापासून आतवर विटत चालला होता. चादरीवर चालणारा घरातला दिवा पावसाळ्याआधीच विझणार होता.

“ह्या उजेडापायी यंदा वाडीत कुणाला साप चावला न्हाई,” चांगुणाबाई म्हणाल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांचा नातू अंधारात सापावर पाय पडून दगावला होता.

ऋजुता खाली उतरली. गाडीत एक जादा चादर होती.

“मी तुम्हाला नवी बसवून देते. पण हिला सुई-कात्री अजिबात लावायची नाही, मावशी.”

“आता कुठनं लावू?” चांगुणाबाई हसल्या. “लाल कापड समदं संपलं. अख्ख्या वाडीच्या चादरी शिवून दिल्या न्हवं!”