घाट चढणारी गाडी

"चढाला तुमची मर्सिडीज रडते, दाजी," बस्सू म्हणाला. "माझ्या प्यूजोला काही वाटत नाही."

"आणि तुझी पेट्रोल ढोसते त्याचं काय? माझी डिझेलच्या नुसत्या वासावर धावते," हद्दू म्हणाला.

दोन्ही गाड्या अंगणात बॉनेट उघडून उभ्या होत्या. दोन्ही म्हाताऱ्या. बस्सू कायमचा मुलाकडे, समुद्रकाठच्या अगादिरला निघाला होता आणि जाताना आपली गाडी बहिणीला देणार होता. पण पत्र्याची शेड एका गाडीपुरतीच. इथल्या डोंगरातल्या हिवाळ्यात बाहेर ठेवलेली गाडी सकाळी बर्फाखालून उकरून काढावी लागते. त्यामुळे एक ठेवायची, एक विकायची.

इत्तो, हद्दूची बायको आणि बस्सूची थोरली बहीण, भिंतीला टेकून उन्हात बसली होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा हद्दू तिला घाटापलीकडे मिदेल्तच्या दवाखान्यात डायलिसिसला नेत असे. मशीनवरची पाळी चुकली की ते दुसऱ्याला मिळे, आणि लागोपाठ चुकल्या तर काय होतं ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हद्दूने टॅक्सीचा धंदा सोडला, मेंढ्या विकल्या, पण पाळी एकही चुकवली नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि यातच तो पार पिचून गेला होता.

बस्सूने पुदिन्याचा चहा पुन्हा ओतला. इत्तोला पाणी मोजून प्यायचं असे, म्हणून तिने ग्लास नुसता हातात धरला.

"तुमच्या इंजिनात बहात्तर घोडे. माझ्यात नव्वदच्या वर."

"घोडे काय करायचेत? वरात काढायचीय?"

"शिवाय गादी बघा. खड्ड्यातून गेली तरी अक्काला कळणार नाही."

परतीच्या वाटेवर गाडी आदळली की इत्तो डोळे मिटून घेई, आणि आरशात ते बघायचं हद्दू टाळत असे. त्याने कपाळ चोळलं.

"आणि घाटात बंद पडली तर?"

बस्सू जरा ओशाळला. "थंडीत पडते कधीमधी. कार्बोरेटर मी कधी साफच केला नाही. पण ढकलली की होते चालू."

"बर्फात कोण ढकलणार? मी की ही?" हद्दूने मर्सिडीजच्या टपावर थाप मारली. "ही हळू चालते, पण पोचवते. आजवर एकदाही बंद पडली नाही. झालं, ठरलं."

"असं कसं ठरलं? बसायचं अक्काला आहे. तिला विचारा."

हद्दू बायकोसमोर उकिडवा बसला. तिच्या बाहीखाली सुयांनी दंडावर गाठी आल्या होत्या. त्याने बाही हलकेच खाली ओढली.

"बोल, कुठली ठेवू?"

"प्यूजो," इत्तो म्हणाली.

बस्सू हसला. हद्दूला थोडं लागलं, पण त्याने मान डोलावली. "मऊ आहे म्हणून ना?"

"नाही हो," ती म्हणाली. "मला आता पुरे झालंय. तुम्ही काही पाळी चुकवायचे नाही. ती गाडी कधीतरी चुकवेल."