किनाऱ्यावरची बाई

आप्पांनी पडवीत करवंट्या मांडल्या होत्या. पालथ्या करवंट्यांची रांग म्हणजे गलबत. एक करवंटी लांब, खांबापाशी. ती किनाऱ्यावरची बाई. मृदंगाचे बोल पुटपुटत आप्पा काठीने गलबत पुढे सरकवत आणि त्या एकट्या करवंटीपाशी येऊन थांबत. गेले कित्येक दिवस ते तिथेच अडले होते.

"सगुणा," ते म्हणाले, "बातमी आली की बाई काय करते गो?"

सगुणा शाळेत शिकवायला निघाली होती. "मला उशीर होतोय, आप्पा."

"बरं. जा."

हे सगळं तिच्यामुळेच सुरू झालं होतं. वाचनालयातून आणलेल्या एका मासिकात विलायतेतल्या बॅलेविषयी लेख होता. त्यात कोणी बोलत नाही, गात नाही. सगळी गोष्ट अंगाने सांगायची. तिने तो आप्पांना वाचून दाखवला. आप्पा जुने तांडेल. गलबत हाकायचं सोडल्यापासून दर शिमग्याला देवाच्या पालखीपुढे नाचणारे गावाचे खेळे तेच बसवत. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, यंदा पालखीपुढे आपण असाच नाच करायचा. बुडालेल्या गलबताचा. गाणं नाही, बोलणं नाही. नुसता मृदंग आणि पाय.

गलबत कोणतं, हे कोणी विचारलं नाही. सगुणाचा नवरा काही पावसाळ्यांमागे मलबारच्या वाटेवर बुडाला होता. जावई आप्पांनीच निवडलेला, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याचं नाव निघालं की आप्पा अजूनही लेकीकडे बघायचं टाळत. हा नाच तिच्यासाठी आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. तिला ते कळत होतं. म्हणूनच ती त्यांच्या प्रश्नाला उत्तर देत नव्हती.

त्याच दुपारी, ती शाळेत असताना, आप्पा गेले. मृदंग वाजवणारा काशीराम शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

सुतक फिटलं तेव्हा शिमगा तोंडावर आला होता. आप्पांच्या घरापुढच्या खळ्यात नाचातले गडी पुन्हा जमले. दुसऱ्या दिवशी गावचे मानकरी नाच बघायला येणार होते. मुक्यांचा नाच देवाला चालेल का, अशी कुजबुज आधीपासूनच होती. पसंत पडला नाही तर नेहमीची गवळण करा, असा निरोप आला होता.

सगुणा माजघराच्या खिडकीशी उभी राहून बघत होती. गलबत सुरेख चाललं. वल्ही पडली, वारा फिरला, माणसं एकमेकांना धरून खाली बसली. मग बातमी आली आणि किनाऱ्यावरच्या बाईने धाडकन छाती बडवली.

बाई म्हणजे बाबल्या. एरवी माडावर चढून नारळ पाडायचा. लुगड्यात बरा दिसायचा.

काशीरामने मृदंग थांबवला. "मेल्या, छाती हाय का माडाचं खोड?"

"मग तू सांग कसं करू ते. आप्पांनी मला काय सांगितलंच नाय."

बाबल्याने जमिनीवर लोळून पाहिलं. केस उपटून पाहिले. मनगटावर मनगट आपटून बांगड्या फोडल्या, तेव्हा गलबतातली बुडालेली माणसं हसायला लागली. एकाने पायातले घुंगरू सोडायला घेतले.

सगुणाने खिडकीचा गज घट्ट धरला. उद्या मानकरी असेच हसतील. बाबल्याला नाही, आप्पांना हसतील. आणि यात फेरफार करायला आप्पा आता नव्हते.

बाबल्या पदर खोचून खिडकीपाशी आला. "सगुणाबाय, राग मानू नको. हे तुझंच हाय. दादल्याची बातमी आली तवा तू काय केलंस, तेवढं सांग."

"गप रे," काशीराम म्हणाला.

सगुणा आत वळली. गेली, असं सगळ्यांना वाटलं. मग ती पडवीच्या पायऱ्या उतरून खळ्यात आली. खेळे उभे असताना विधवेने खळ्यात उतरायचं नसतं. घुंगरू सोडणारा दोन पावलं मागे सरला. पण तिला कोणी अडवलं नाही.

"काशीरामदादा, बातमी आली की हात वर घ्या. मृदंग बंद."

"मग त्याने नाचायचं कशावर?"

"नाचायचं नाही." ती बाबल्याकडे वळली. "तू घाईने चाललायस. एक पाय उचललेला आहे, तेवढ्यात कळतं. आता तो पाय कुठे ठेवायचा तेच ठाऊक नाही. म्हणून तो खाली येत नाही."

"मग पुढं?"

"पुढे काही नाही."

"किती वेळ असं ऱ्हायचं गो?"

"तोल जाईपर्यंत."

बाबल्या खळ्याच्या टोकाला गेला आणि लगबगीने चालत आला. काशीरामचे हात वर गेले. मृदंगाचा ठेका तुटला. बाबल्याचा पाय वरच राहिला. पोटरी थरथरू लागली, टाच जमीन शोधू लागली, तरी तो पाय खाली येईना. कोणी हसलं नाही. शेवटी बाबल्याचा तोल गेला आणि तो दोन्ही हातांवर पडला. तरी काशीरामचे हात वरच होते.

बऱ्याच वेळाने त्याने ते मृदंगावर टेकवले.

"आप्पा हेच शोधत होते," तो म्हणाला. "दादल्याच्या बातमीला असं झालं होतं काय गो तुझं? त्यांना तेवढं सांगायचं होतंस."

"दादल्याच्या बातमीला मला सुटल्यासारखं वाटलं होतं," सगुणा म्हणाली. "हा पाय तुम्ही शाळेच्या दारात येऊन उभे राहिलात, तेव्हाचा आहे."