डाळिंबाच्या बागेतली सायकल

"बाबा, जवळनं न्हाय. मागं सरा. आजून मागं," मेघना म्हणाली.

गंगाराम तीन पावलं मागं सरला आणि खुर्चीला अडखळला. बारामतीच्या त्या हॉलमधली फरशी इतकी चकचकीत, की बिचाऱ्यानं चपला दारातच काढून ठेवल्या होत्या. लेकीचं पहिलंवहिलं प्रदर्शन! अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि तोंडावर परीक्षेला बसल्यासारखी धास्ती.

धास्ती मेघनालाही होतीच की. सहा महिने तिनं या एका चित्रापायी घातले होते. पाच फुटांची डाळिंबाची बाग. लाल फळं, हिरवा पाला, सगळं नुसत्या ठिपक्यांनी भरलेलं. जवळ गेलं की ठिपके, लांब गेलं की बाग. सकाळपासून माणसं येत होती, "वा, तोडून घ्यावीत अशी डाळिंबं!" म्हणत पुढं सरकत होती. पण तिला डाळिंबांचं कौतुक नकोच होतं. बागेत तिनं एक सायकल लपवली होती, आणि ती बाबांना दिसायला हवी होती.

त्याचं असं झालं. गंगारामला लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही. तरुणपणी ड्रायव्हरच्या भरतीत तो सगळीकडं पास झाला आणि शेवटी डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. बाकीच्यांना ठिपक्यांत आकडा दिसे, याला नुसते ठिपके. झालं, घरी पाठवलं. पुढं डाळिंबाच्या तोडणीला गेला, तर कच्ची फळं तोडून ठेवली. लोक हसले ते वेगळंच. लेक चित्रं काढायला लागली, तेव्हा प्रत्येक चित्रापुढं उभा राहून तो एवढंच म्हणायचा, "चांगलंच आसंल, पोरी. मला त्यातलं काय कळतंय?"

ते ऐकलं की मेघना चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवायची.

मग डोळ्यांच्या एका डॉक्टरबाईंनी तिला त्याच पुस्तकातलं एक उफराटं पान दाखवलं. त्यातला आकडा चांगल्या डोळ्यांना दिसतच नाही, लाल-हिरव्याच्या गर्दीत नजर हरवते. दिसतो तो फक्त बाबांसारख्यांना. त्या दिवशी मेघना नाचतच घरी आली. सायकल पेन्सिलीनं आखली, ठिपके भरले, रेघ खोडली, आणि तिची तिलाच सायकल सापडेना! आता जमलंय की फसलंय, ते एकटे बाबाच सांगणार होते.

ठिपक्यांचं हे वेड तिला लावलं रणवरे सरांनी. लासुर्ण्याच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस, आणि शिकवायचे काय, देवा! "रंग कालवायचा नाही," हा पहिला नियम. "नळीतला रंग आहे तसा घ्या, ठिपका द्या, शेजारी दुसरा द्या. कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडा." नळी उचलली की तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं, मगच झाकण उघडायचं. तेलखडूवरचा नावाचा कागद कुणी फाडला, तर सरांचा पारा असा चढायचा की बास. पोरं मागं त्यांच्या नकला करायची. मेघनाला मात्र वाटायचं, रंगांची एवढी कदर असलेला माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही.

आज तेही येणार होते. सायकलीबद्दल तिनं त्यांना चकार शब्द सांगितला नव्हता. चित्रात असली करामत त्यांना खपेल की नाही, कोण जाणे.

गंगाराम अजून बघतच होता.

"दिसतंय का काय?" तिनं विचारलं.

त्यानं डोळे बारीक केले. मान तिरकी केली. मग त्याचा हात आपोआप वर आला.

"मेघे... ही माजी सायकल न्हवं? आन् कॅरेजवर दोन वेण्या घातलेली... आगं, ही तर तू!"

"हळू, बाबा!" ती म्हणाली खरी, पण तिच्याच डोळ्यांना धार लागली होती.

"हितं एवढी माणसं हायती, कुणीच कसं सायकल म्हणंना?"

"त्यांना दिसतच न्हाय. मलाबी न्हाय. एकट्या तुमची हाय ती. कुणाला सांगू नका."

याच सायकलवरून तो तिला निरवांगीहून सरांच्या शाळेत सोडायचा. मागच्या चाकात कायम हवा कमी. तेसुद्धा तिनं आठवणीनं काढलं होतं.

गंगारामनं ती खुर्ची ओढली आणि चित्रासमोर ऐटीत बसला. सगळ्या हॉलला दिसत नव्हतं ते त्याला दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा!

तेवढ्यात दारातून रणवरे सर आले. इकडं तिकडं न बघता थेट बागेपुढं. मेघना पायाशी वाकली.

"लाल कुठला घेतलास?" त्यांनी विचारलं. तिनं नळीवरचं नाव सांगितलं. "हिरवा?" तेही सांगितलं. वर्गात सांगायची तसंच, मोठ्यानं. सर डोळे मिटून मान हलवत होते.

"कालवलं नाहीस ना कुठं?"

"एक ठिपकाबी न्हाय, सर."

सर पाच पावलं मागं गेले. चष्मा पुसला, परत घातला.

"उत्तम," ते म्हणाले. एकतीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. "फार उत्तम, पोरी. फक्त एक सांग मला, मागच्या चाकात हवा का गं कमी काढलीस?"