मागच्या बाकावरचे साहेब

"जरा सावकाश, बाई," मागच्या बाकावरून साहेब म्हणाले.

बाईंच्या हातातला खडू थांबला. इंग्रजीचे अवघड शब्द शिकवणाऱ्या या क्लासमध्ये त्या सहा वर्षं होत्या, पण असं टोकणारं कोणी भेटलं नव्हतं. साहेब मुख्य कार्यालयातून आलेले परीक्षक. सोमवारपासून चार दिवस नुसते वर्गात बसणार, शुक्रवारी शिक्षकांची तोंडी परीक्षा घेणार. जो अडेल त्याला नारळ.

आणि बाई तर बारावीच्या पुढे शिकल्याच नव्हत्या! रोज सकाळी दहा शब्द घोकायचे आणि दुपारी तेच फळ्यावर उतरवायचे, असं चाललं होतं बिचारीचं.

"स्पेलिंग पुन्हा सांगता?"

त्यांनी सांगितलं. साहेब खाली मान घालून वहीत लिहीत राहिले. मेला हसतही नाही, बाईंच्या मनात आलं.

सोमवारी संध्याकाळी घरी पुस्तक उघडलं आणि एका शब्दाशी त्यांचं बोट थांबलं. ग्रेगेरिअस म्हणजे माणसांत रमणारा. वर्गात त्यांनी भांडखोर सांगितलं होतं. तेही ठणकावून.

"आई, एकच तर शब्द," लेक म्हणाली. "उद्या सुधारून सांग."

"त्या माणसासमोर? तुझं कॉलेज माझ्या या नोकरीवर चाललंय, बाळा."

मंगळवारी जीभ रेटली नाही. बुधवारी, गुरुवारीही नाही. घास गिळवेना, झोप तर उडालीच.

शुक्रवारी बाई ऑफिसात साहेबांपुढे बसल्या. साहेबांनी मांडीवरच्या वहीत पाहिलं.

"पहिला शब्द. ग्रेगेरिअस."

झालं! खरा अर्थ सांगावा तर चूक उघडी पडणार, खोटा सांगावा तर नापास. बाईंना रडूच फुटलं.

"माणसांत रमणारा," त्या कशाबशा म्हणाल्या. "सोमवारी मी वर्गाला भांडखोर सांगितलं, साहेब. चुकलं माझं. मी बारावीच्या पुढे शिकलेली नाही."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले, दाराला कडी घातली आणि वही बाईंपुढे सरकवली. वहीत शेरा एकही नव्हता. होते ते चार दिवसांचे चाळीस शब्द, समोर बाईंनीच सांगितलेले अर्थ, आणि प्रत्येकापुढे पाठ झाल्याची खूण.

साहेबांनी 'भांडखोर' खोडलं.

"बाकीचे तरी बरोबर आहेत ना, बाई?"