सहाचा वर्ग

नाशकात अर्थशास्त्राच्या एम.ए.चा वर्ग आजपासून संध्याकाळी सहाला भरणार होता. रोज साडेपाचला निघायला कारकून सलाउद्दीनला अर्जावर मामलेदारसाहेबांची सही हवी होती. पदवी घेऊन या कचेरीतून कायमचं सुटायचं आणि कॉलेजात शिकवायचं, असं त्याचं ठरलं होतं. पण अर्जात स्वतःचा फायदा लिहायची रीत नव्हती, म्हणून त्यानं कचेरीचाच लिहिला. मंदीत कांद्याचे भाव का पडले आणि शेतसारा कुठं माफ करावा, हे अर्थशास्त्रानं कसं कळतं ते नमुन्यादाखल मांडूनही दाखवलं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “अहो, हे तर तुम्हाला आत्ताच येतंय की! वर्ग कशाला? आजपासून भावांचा तक्ता तुम्हीच करा. सातच्या टपालानं रोज कलेक्टरसाहेबांकडे गेला पाहिजे.” साडेपाचला त्याच वर्गात शिकायला निघालेले शाळेतले नाथा मास्तर खिडकीशी थांबले. “चला, प्रोफेसर!” सलाउद्दीननं कोरा तक्ता पुढ्यात ओढला. “तुम्ही व्हा पुढं.”