शुगर मशीनचा खुलासा

"मॅडम, फक्त हो की नाही ते सांगा," नोएल म्हणाला. "मम्मी आपल्याच नव्या मशीनवर शुगर बघते आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेते. बातमी खरी आहे काय?"

रेवतीने कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही. मरोळच्या या कंपनीत ती कंपनी सेक्रेटरी होती; शेअर बाजाराला काय कळवायचं आणि काय नाही, हे तिचं काम. नोएल पॅकिंगचा सुपरवायझर. नवं शुगर मशीन दुकानांत जायच्या आधी कंपनीने मोठ्या कौतुकाने कामगारांच्या घरी वापरायला दिलं होतं. आणि आज सकाळी एका वेबसाइटवर फुटलं, की हे मशीन साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. शेअर गडगडला, बाजाराने खुलासा मागवला आणि साहेबांचं धाबं दणाणलं.

बातमी खरी होती. तपासणीचा अहवाल रेवतीने स्वतः वाचला होता. मुळात साखर कमी, त्यात मशीनचं ऐकून इन्सुलिन टोचलं, तर माणूस बसल्या जागी जाईल. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

पण बाजाराला कळवण्याआधी आतली गोष्ट कुणाजवळ बोलायची नाही, असा नियम. तो केला शेअरवाल्यांसाठी, धाक मात्र सगळ्यांनाच. बातमी कुणी फोडली म्हणून सकाळपासून एकेकाचा मोबाईल तपासणं चाललं होतं.

"आत्ता बोलता येत नाही रे," ती म्हणाली. "दुपारपर्यंत बाजाराला उत्तर जाईल. ते वाच."

"त्यात खरं असणार ना?"

"खोटं लिहिता येत नाही. नियम आहे."

निदान जुन्या मशीनवर बघ, एवढं तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात साहेब आत शिरले आणि नोएल निघून गेला.

साहेबांनी वकिलाला विचारून शब्द ठरवून आणले होते. अहवालावर अजून सही नाही. सही नाही म्हणजे अहवाल नाही, आणि अहवाल नाही म्हणजे कळवण्यासारखी माहितीच नाही. "यात खोटं कुठाय?" ते म्हणाले. सोमवारी संचालक मंडळ बसेल, मग बघू.

रेवतीने मजकूर दोनदा वाचला. 'कंपनी तर्कवितर्कांवर भाष्य करत नाही. नियमांनुसार जाहीर करावी अशी कोणतीही माहिती सध्या कंपनीकडे नाही.' पकडता येईल असा एक शब्द नव्हता. तिने सही केली आणि उत्तर पाठवून दिलं. बाजार बंद व्हायच्या आत शेअर सावरला. साहेबांनी खूश होऊन सगळ्यांना चहा मागवला.

तिने चहाचा कप तसाच बाजूला सारला. स्वतःची लाज वाटत होती. नोकरी गेली तर गेली, असं म्हणून ती उठली आणि जिना उतरून पॅकिंगमध्ये गेली.

नोएल मोबाईल खिशात ठेवत होता. सकाळपासून उतरलेला त्याचा चेहरा आता मोकळा झाला होता.

"वाचलं मॅडम. इंग्लिश जड होतं, पण खाली तुमची सही बघितली."

"नोएल, आधी मम्मीला फोन लाव. इन्सुलिन घेऊ नको म्हणावं."

"घेतलं ना तिने. बातमी ऐकून घाबरली होती, सकाळपासून घेतच नव्हती. मीच आत्ता बोललो तिला, मॅडमनी लिहून दिलंय, तू घे."