टोचली!

"आई गं!"

शिंप्याची आरोळी ऐकताच बायको गॅस बंद करून दुकानात धावली. शिंपी उजवा पाय हातात धरून लंगडी घालत होता. समोर एकाच बाहीचा कोट घातलेलं गिऱ्हाईक पांढरंफटक पडलं होतं.

"वहिनी, माझ्याच कोटाची टाचणी पडली हो. माफ करा."

"माफी कसली? शिलाई माफ तुम्हाला!" शिंपी ओरडला. "अगं, टोचली! मला टोचली!"

बायकोला क्षणभर काही सुधरेना. मागच्या खेपेला अशीच टाचणी तळव्यात रुतली, तेव्हा हा बाबा दिवसभर तिच्यासकट मशीन चालवत बसला होता. मोजा लाल दिसला तेव्हा बायकोला कळलं. त्याला तेव्हाही नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन्ही पाय असेच बधिर राहिले तर एखाद्या जखमेपायी कापावे लागतील. मधुमेहाच्या धास्तीने त्याने जेवणच तोडलं म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी तर चांगलंच झापलं होतं, "साखर सोडायला सांगितली होती, जेवण नव्हे!" तेव्हापासून नसांसाठी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि रोज उकडलेली अंडी.

"नाचू नका! बसा आधी. आणि चपला कुठायत?"

"मशीनखाली." तो ओशाळला, पण हसू काही आवरेना.

तिने खाली बसून टाचणी काढली, पाय धुतला, कोरडा केला, औषध लावलं.

"झोंबतंय! वा, काय झोंबतंय!"

आता गिऱ्हाईकही हसायला लागलं.

"डावा बघ, डावा!" शिंप्याने पाय पुढे केला आणि डोळे गच्च मिटले, बक्षिसासाठी नाव पुकारायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

तिने टाचणी उलटी धरली आणि तिचं गोल डोकं अंगठ्यावर दाबलं. मग जरा जोरात. मग चवड्यावर. मग टाचेवर.

गिऱ्हाईकाचं हसू थांबलं.

"टाचणी लाव ना गं लवकर," शिंपी डोळे मिटूनच म्हणाला.

बायकोने टाचणी सुयांच्या उशीत खोचली. आत जाऊन अंड्यांची बशी आणली आणि मशीनवर ठेवली.

"आधी हे संपवा. डावा मागून येतोय."

मग तिने मशीनखालून चपला ओढल्या आणि स्वतःच त्याच्या पायांत चढवल्या. डावी आधी.